डबा चुकीच्या खोलीत आहे

पत्र: मी वाळवा तालुक्यातल्या एका गावात राहते, वय ४८. मुलगा २१ वर्षांचा, वजन ६८ किलो, वर्षभर जिमला जातो. रोज डब्यातले दोन स्कूप व्हे पावडर (दुधातल्या प्रथिनांची पूड), सकाळी चार कच्ची अंडी, शिवाय जेवण. ताटावर बसला की म्हणतो, "आई, आमटी म्हणजे पिवळं पाणी. डाळीचं प्रोटीन अंगाला लागतच नाही." सासरे ७४ वर्षांचे, माळकरी. श्रावणात त्यांना न्यूमोनिया झाला, तीन आठवडे अंथरुणाला खिळून होते. आता बरे आहेत, पण मांड्या काठीसारख्या झाल्यात, खुर्चीतून उठताना हात द्यावा लागतो. वजन ५२ भरलं. दुपारी दोन चपात्या, थोडी भाजी, पातळ आमटी, रात्री दूधभात, एवढंच जेवण. डाळ दाट केली की गॅस होतो म्हणतात. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज चालू आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसाला प्रोटीन देऊ नका, किडनीवर ताण येतो, युरिक अ‍ॅसिड वाढतं. मुलगा म्हणतो, एका वेळी ३० ग्रॅमच्या वर पचतच नाही. पोटात गेल्यावर प्रोटीनचं होतं तरी काय? – एक आई आणि सून

ताई,

आमटीबद्दल तुमचा मुलगा अर्धा बरोबर आहे, हे आधी कबूल करून टाकते. पातळ आमटीच्या एका वाटीत जेमतेम १५ ग्रॅम डाळ असते. कोरड्या तूरडाळीत शंभर ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे त्या वाटीत सव्वातीन ग्रॅम. बाकी पाणी, फोडणी आणि आपली समजूत. पण "डाळीचं अंगाला लागत नाही" हा त्याचा उरलेला अर्धा भाग साफ चुकीचा आहे. का, ते सांगण्यासाठी तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागेल.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ, तीही चुरगळून गाठोडं झालेली. शिजवताना हे गाठोडं थोडं सैल होतं. अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर घट्ट होतो ना, तो याच उलगडण्याचा परिणाम. जठरात गेल्यावर तिथलं आम्ल उरलेलं गाठोडं मोकळं करतं आणि पेप्सिन नावाचा पाचकरस माळ मधेमधे तोडायला लागतो. जठराचं काम हे आम्हाला शाळेत शिकवलं त्यापेक्षा बरंच कमी असतं. खरी मजुरी लहान आतड्यात होते. तिथे स्वादुपिंडाकडून ट्रिप्सिन आणि त्याची भावंडं येतात. येतात तीही बंद कुलपात, कारण स्वादुपिंडातच जागी झाली तर त्याच अवयवाला खातील. आतड्याच्या भिंतीवरचं एक एन्झाइम ट्रिप्सिनचं कुलूप काढतं आणि मग ट्रिप्सिन बाकीच्यांना जागं करतं.

शेवटी उरतात एकेकटी अमिनो आम्लं आणि दोन-तीन मण्यांचे तुकडे. हे तुकडे आतड्याच्या पेशी आत ओढून घेतात, आतच त्यांचे मणी सुटे करतात आणि रक्तात सोडतात. ते रक्त थेट यकृताकडे जातं. इथवर पोचलेल्या मण्यावर "मी डब्यातला" किंवा "मी तुरीतला" अशी चिठ्ठी नसते. लायसिन हे एक अमिनो आम्ल घ्या, तुरीतलं लायसिन आणि व्हेमधलं लायसिन यांत शरीराला काडीचाही फरक कळत नाही. कोलॅजनच्या महागड्या पुड्यांचंही थोड्याफार फरकाने असंच. त्यांत तर ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल मुळीच नसतं, तरी कातडी तुकतुकीत होण्याच्या आशेवर बायका ते दुधात कालवून पितात.

फरक असतो तो किती मणी सुटतात आणि कोणते, यात. दूध-अंड्यातली ९० टक्क्यांच्या वर प्रथिनं पचतात, डाळींमधली साधारण ८० टक्के. तोटा आहे, पण "लागतच नाही" म्हणण्याइतका नाही. दुसरं असं की वीस अमिनो आम्लांपैकी नऊ शरीराला घरी बनवता येत नाहीत, ती ताटातूनच यावी लागतात. ज्वारी, गहू, तांदूळ यांत लायसिन कमी पडतं. डाळींत ते भरपूर, पण मेथिओनिन कमी. ते धान्यात आहे, तिळातही आहे. म्हणून भाकरी आणि पिठलं, भात आणि आमटी हे जोडीनं चांगले. दोन्ही एकाच घासात हवीत असंही नाही, दिवसभरात दोन्ही आली की पुरे.

तुमच्या चिरंजीवांना एक गोष्ट मात्र जरूर वाचून दाखवा. बेल्जियममध्ये १९९८ साली एक प्रयोग झाला. आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांना शिजवलेली आणि कच्ची अंडी देऊन लहान आतड्याच्या टोकाशी किती प्रथिन न पचता उरतं ते मोजलं. शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के पचलं, कच्च्यातलं ५१. चार अंड्यांत साधारण २४ ग्रॅम प्रथिनं धरली तर कच्ची गिळून त्याच्या हाती बारा लागतात, उकडून खाल्ली तर बावीस. गॅसवर दहा मिनिटं ठेवली की जवळपास अर्धा स्कूप फुकटात. कच्च्या अंड्यातल्या साल्मोनेला जंतूंची भीती टळते ती वेगळीच.

आता ३० ग्रॅमची गोष्ट. आतडं काही शिधावाटपाचं दुकान नाही की तिसाव्या ग्रॅमला खिडकी बंद. जास्त खाल्लं तर जठर ते हळूहळू खाली सोडतं, आणि सहा मीटरचं आतडं सावकाश सगळं शोषून घेतं. हा आकडा आला तो स्नायूंच्या प्रयोगांतून. २०-२५ ग्रॅमनंतर पुढच्या काही तासांत स्नायू बांधण्याचा वेग फारसा वाढत नाही, असं त्यांत दिसलं होतं. पण मोजमाप थोड्या तासांचं होतं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या संशोधकांनी २०२३ मध्ये व्यायामानंतर २५ आणि १०० ग्रॅम दुधाची प्रथिनं देऊन बारा तास मोजलं, तेव्हा १०० ग्रॅमचा उपयोग अधिक आणि अधिक वेळ होत राहिलेला दिसला. दिवसाला दोनदाच जेवणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांनी जन्मभर शेतं नांगरली, ती काही तीस-तीस ग्रॅम मोजून नव्हे.

पण मला तुमच्याशी खरं बोलायचंय ते यापुढचं. मणी रक्तात आल्यावर जातात कुठे?

१९३०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ शोनहायमर नावाच्या शास्त्रज्ञानं उंदरांना जड (नेहमीपेक्षा वजनदार, म्हणून ओळखता येणाऱ्या) नायट्रोजनची खूण केलेली अमिनो आम्लं खायला घातली. तेव्हाचा समज असा की वाढ पुरी झालेलं शरीर म्हणजे बांधून झालेलं घर. खाल्लेलं प्रथिन इंजिनातल्या तेलासारखं जळणार आणि लघवीवाटे निघून जाणार. निघालं भलतंच. उंदरांचं वजन होतं तेवढंच राहिलं, पण खुणेचा निम्म्याहून जास्त नायट्रोजन त्यांच्या स्वतःच्या अंगातल्या प्रथिनांत जाऊन बसलेला होता. शरीर स्वतःला सतत उसवत आणि पुन्हा शिवत असतं.

माणसात हा उद्योग रोज साधारण २५० ते ३०० ग्रॅमचा असतो. खातो आपण पन्नास-साठ ग्रॅम. मग बाकीचं कुठून? जुन्यातून. तुमच्याकडे जुनी लुगडी फाडून वाकळ शिवतात ना, तसं. आतड्याच्या अस्तराच्या पेशी तीन-चार दिवसांत झडतात, त्याही पचवून घेतल्या जातात. काम झालेले पाचकरसही पचतात. थोडं कापड मात्र दरवेळी विरतं, तेवढं नवं बाहेरून आणावं लागतं. रोजचं प्रथिन हवं ते या विरण्यापोटी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२०च्या तक्त्यात निरोगी प्रौढांसाठी वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम सांगितलंय, ते त्याचंच मोजमाप.

या वाकळीच्या संसारात एक मोठी उणीव आहे. चरबीची कोठारं असतात, साखरेची छोटी कणगी यकृतात असते, प्रथिनांची मात्र वेगळी साठवण कुठेच नाही. आजारपणात रोगाशी लढणारी प्रथिनं तातडीनं बनवायची वेळ येते, तोंडाला तर चव नसते, तेव्हा शरीर वापरातलंच कापड फाडतं. ते असतं मांड्यांवर. त्यात माणूस पडून राहिला की स्नायूंना "तुमची गरज आहे" असं सांगणारंही कुणी राहत नाही. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट वयस्क माणसांना फक्त दहा दिवस झोपवून ठेवलं. कुणाला काही आजार नव्हता, प्रथिनंही नेमून दिलेल्या प्रमाणात देत होते. तरी पायांच्या स्नायूंतलं सरासरी किलोभर वजन गेलं. तुमचे मामंजी तर न्यूमोनियानं तीन आठवडे अंथरुणाला खिळून होते.

वयाचा भाग वेगळाच. विशीतल्या स्नायूला वीस ग्रॅम प्रथिनांची हाक पुरते, सत्तरीतला स्नायू कानानं जरा जड झालेला असतो, त्याला एका बैठकीत जास्त लागतं. म्हणून वयस्कांसाठी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं २०१३ मध्ये किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवलं, आजारपणात त्याहून जास्त. ५२ किलोला १.२ प्रमाणे ६२ ग्रॅम झाले. आता त्यांचं ताट मोजू या. चहातलं दूध २, दोन चपात्या ७, भाजी २, आमटी ३, दूधभात ९. बेरीज २३. बिस्किटं धरून २५ म्हणा.

आणि मुलाचं? दोन स्कूप ४८, अंडी, वर दोन वेळचं जेवण, अधूनमधून कोंबडी. शंभरीच्या पुढे आरामात. व्यायाम करणाऱ्या तरुणाला किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो, म्हणजे त्याला १०९. त्यावरचं स्नायू होत नाही. अमिनो आम्लातला नायट्रोजन यकृत काढून घेतं, उरलेला सांगाडा जाळतं किंवा साखर-चरबीच्या कामी लावतं, आणि नायट्रोजनचा होतो युरिया. तुमच्याकडे उसाला पोत्यानं घालतात तोच, रेणूसुद्धा तोच. फक्त तुमच्या न्हाणीघरातला बराच महाग पडतो.

तर ताई, डबा चुकीच्या खोलीत आहे. त्यातला रोजचा एक स्कूप आजोबांच्या खोलीत हलवा. मुलानं अंडी उकडून खाल्ली तर त्याचं विशेष काही बिघडणार नाही, आणि बिघडतंय असं वाटलंच तर मूठभर शेंगदाणे आणि दह्याची वाटी आहे.

माळकरी माणसाला पावडर चालेल का, असं तुमच्या मनात आलं असणार. श्रीखंडासाठी चक्का बांधल्यावर फडक्यातून जे पिवळसर पाणी गळतं आणि आपण कणीक मळायला वापरतो, त्यातच व्हेची प्रथिनं असतात, अगदी थोडी. पावडर म्हणजे चीज करताना निघणारं तसंच पाणी, गाळून, आटवून, वाळवून. आहे ते दुधाचंच. चीज विरजायला कधी प्राण्यांच्या पोटातलं रेनेट नावाचं एन्झाइम वापरतात, म्हणून डब्यावरचा हिरवा ठिपका बघून घ्या आणि मामंजींना आधी सांगून, विचारून द्या. ते नको म्हणाले तर दुधात दोन मोठे चमचे बिनसाईची दुधाची भुकटी कालवली तरी पाच-सहा ग्रॅमची भर पडते. बाकीची भर पिठलं, पनीर आणि दह्यातून काढता येईल, थोडी खटपट लागेल इतकंच.

पण डबा उघडण्याआधी एक काम करा. मूत्रपिंडाची तब्येत सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, शिवाय साखर तपासून, रक्तदाब बघून डॉक्टरांना विचारा. शेजारच्या काकूंच्या बोलण्यात तथ्य आहे ते इथेच. मूत्रपिंड आधीच अधू असेल तर प्रथिनं मोजून आणि डॉक्टर सांगतील तेवढीच द्यायची. मूत्रपिंड ठणठणीत असेल तर ६२ ग्रॅमनं त्याला काही होत नाही. युरिक अ‍ॅसिडचा दोष प्रथिनांवर नाही, ते पेशींतल्या प्युरिन नावाच्या पदार्थापासून बनतं. प्युरिन भरपूर असतं ते कलेजी-गुर्दे, काही मासे आणि बिअर यांत, दूध-दह्यात नगण्य. माळकऱ्याच्या घरी यातलं दूध-दहीच तेवढं येतं.

डाळीनं होणाऱ्या गॅसचाही प्रथिनांशी संबंध नाही. डाळींत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या तोडायची कात्री कुणाच्याच आतड्यात नसते, त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. गॅस त्यांचा. सालाची मूगडाळ घ्या, पाच-सहा तास भिजवून पाणी फेकून द्या, मऊ शिजवा. मोड आलेल्या मुगातही या साखरा कमी होतात. पण वृद्ध माणसाला मोड कच्चे देऊ नका, वाफवून द्या. कच्च्या कडधान्यात ट्रिप्सिनला अडवणारे पदार्थ असतात, शिजवल्यावर ते बहुतेक निकामी होतात. आणि एकदम वाटीभर दाट डाळ देऊ नका. दर चार-पाच दिवसांनी दोन चमचे वाढवत न्या, पोट सरावतं.

आता आम्ल कमी करणाऱ्या त्या रोजच्या गोळीबद्दल. आम्ल कमी झाल्यानं प्रथिनं पचायची थांबत नाहीत. जठर पूर्ण काढलेली माणसंही प्रथिनं पचवतात, आतडं सांभाळून घेतं. पण अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व सुटायला आम्ल लागतं. चौऱ्याहत्तरी, शाकाहार आणि आम्ल कमी करणारी रोजची गोळी, हे तिन्ही एकत्र आलं की मी बी-१२ तपासायला सांगतेच. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा की अजून लागते का. जाता जाता कवळीही बघा. माणूस वाळला की हिरड्याही बसतात, कवळी हलते, मग "भूक नाही" म्हणून भाकरी बाजूला सारली जाते. असे आजोबा मी खूप पाहिलेत.

ताट असं करून बघा. सकाळी पेलाभर दुधात अर्धा स्कूप, आठवड्यानं पूर्ण: साधारण ३० ग्रॅम. दुपारी चपात्या त्याच, आमटीऐवजी ४० ग्रॅम मूगडाळीचं घट्ट वरण आणि वाटीभर दही: वीस-एकवीस. रात्रीचा दूधभात काढून घेऊ नका, त्या भातावर चमचाभर तूप घाला. उष्मांक कमी पडले तर शरीर बरीच प्रथिनं चुलीत घालतं, मग वरण दाट करून काय उपयोग? एकादशीला साबुदाण्यात शंभर ग्रॅमला एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नसतं, खिचडीला वाचवतं ते शेंगदाण्याचं कूट. ते हात सैल सोडून घाला, बरोबर दही द्या, किंवा राजगिऱ्याची भाकरी करा.

आणि हे सगळं व्यर्थ जाईल, जर मामंजी दिवसभर पलंगावर बसून राहिले. मणी रक्तात फिरतात, पण ते मांडीत जाऊन बसावेत यासाठी मांडीनं मागणी करावी लागते. खुर्चीत बसायचं, हात न टेकता उठायचं, सुरुवातीला हात टेकून. पाच वेळा, दिवसातून तीनदा. खुर्ची भिंतीला टेकवलेली आणि जवळ कुणीतरी उभं. हे "कुणीतरी" तुम्ही नसावं असं माझं मत आहे. घरात जिमला जाणारा, स्क्वॉट कशाला म्हणतात ते पक्कं ठाऊक असलेला एकवीस वर्षांचा मुलगा आहे. आजोबांच्या मांड्या ही त्याची जबाबदारी. धाप लागली, चक्कर आली किंवा गुडघा दुखला तर थांबायचं आणि फिजिओथेरपिस्टला दाखवायचं.

एक राहिलं. पत्रात मुलाची अंडी मोजलेली आहेत, मामंजींच्या चपात्या मोजलेल्या आहेत. तुमचं ताट कुठेच नाही, वजनही नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पाळी जायच्या सुमाराला बायकांचेही स्नायू उतरायला लागतात, आणि दाट डाळ सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात काय उरतं ते मलाही माहीत आहे. तीन दिवस वहीत लिहून ठेवा, सकाळच्या चहापासून रात्रीच्या शिळ्या भाकरीपर्यंत, आणि ती वही मला पाठवा.